आरव्हीने मेसा व्हर्डे: कड्याच्या कपारीतली घरं पाहायला सहकुटुंब जाताना

कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जाणारी कुटुंबं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. गाडी आधी ठरवतात आणि कपारीतलं कुठलं घर पाहायचं ते तिथे पोचल्यावर. या उद्यानात क्रम उलटा आहे. कुठल्या घरात उतरायचं यावर गाडीची लांबी ठरते, आणि कुटुंबातले आजी-आजोबा किती चढू शकतात यावर घर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. आधी घर ठरवा

या घरांना आपण सवयीने 'लेणी' म्हणून जातो, पण ही कोरलेली नाहीत. वालुकाश्मात पाणी झिरपतं, खालच्या शेलच्या (पाणी न जिरू देणाऱ्या चिकणमातीच्या दगडाच्या) थरावर अडतं, थंडीत गोठून दगडाचे पापुद्रे सोडवतं आणि कड्यात मोठी कपार तयार होते. त्या कपारीत दगड घडवून, मातीच्या गाऱ्यात बसवून बांधलेली ही घरं आहेत. बांधणारे होते पूर्वज प्युएब्लो लोक. या पठारावर ते इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून राहत होते, मका, घेवडा, भोपळा पिकवत होते. कपारीतली घरं मात्र शेवटच्या टप्प्यातली, मुख्यतः ११९० ते १२८० या काळातली. १३०० च्या आसपास सगळे दक्षिणेकडे निघून गेले. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत मोठा दुष्काळ होता, हे लाकडी तुळयांमधल्या वाढीच्या वलयांवरून कळतं. होपी, झुनी आणि रिओ ग्रांडेकाठचे प्युएब्लो हे त्यांचे वंशज, आणि ही जागा ते आजही आपल्या पूर्वजांची मानतात. जुन्या माहितीपत्रकांत 'अनासाझी' हा शब्द दिसेल. तो नवाहो भाषेतला आहे, वंशजांना आवडत नाही. मुलांना 'पूर्वज प्युएब्लो' असंच सांगा.

उद्यानात कपारीतली घरं सहाशेच्या आसपास आहेत. त्यातल्या मोजक्याच घरांत जाता येतं, आणि जवळजवळ सगळीकडे तिकीट काढून, रेंजरबरोबर, म्हणजे उद्यानाच्या मार्गदर्शक कर्मचाऱ्याबरोबर. कुटुंबाच्या दृष्टीने तीन महत्त्वाची:

क्लिफ पॅलेस हे सगळ्यांत मोठं. दीडशेच्या आसपास खोल्या. ओबडधोबड दगडी पायऱ्या उतरायच्या आणि आठ-दहा फुटी शिड्या चढून बाहेर यायचं. एकूण चढउतार शंभर फुटांचा. गुडघे ठीक असलेल्या साठी-पासष्टीच्या माणसाला जमतं.

बाल्कनी हाउस लहान, पण थरारक. ३२ फुटी लाकडी शिडी, मग १८ इंच रुंद आणि १२ फूट लांब बोगद्यातून रांगत जायचं आणि शेवटी उघड्या कड्यावरच्या शिड्या. उंचीची किंवा बंद जागेची भीती असलेल्याने इथे उतरूच नये. मधूनच परत फिरायची सोय नाही, मागे अख्खा गट असतो. मुलं शाळकरी असतील तर मात्र त्यांना सगळ्यांत जास्त हेच आवडतं.

लाँग हाउस उद्यानातल्या वेदरिल मेसा या पठारावर आहे. जाऊन-येऊन सव्वादोन मैल चाल, दोन तासांचा फेरा, गर्दी कमी. पण इथेच आरव्हीवाले अडकतात. ते पुढच्या मुद्द्यात.

स्प्रूस ट्री हाउसचे फोटो सगळीकडे दिसतात आणि 'सोप्या वाटेने जाता येतं' असं जुन्या लेखांत असतं. दरडी कोसळण्याच्या भीतीमुळे ते २०१५ पासून बंद आहे. संग्रहालयाजवळून समोर छान दिसतं, तेवढंच.

२. मग गाडी

उद्यानाचे दोन नियम पाठ करा.

पहिला: ट्रेलर किंवा मागे ओढून आणलेली कोणतीही गाडी मोरफील्ड कॅम्पग्राउंडच्या (उद्यानातल्या मुक्कामाच्या तळाच्या) पुढे नेता येत नाही. तिथे सोडवून ठेवायची.

दुसरा: वेदरिल मेसाच्या रस्त्यावर २५ फुटांहून लांब किंवा ८,००० पौंडांहून जास्त भारक्षमतेची (म्हणजे माणसं-सामान धरून गाडीचं कमाल मान्य वजन) गाडी चालत नाही. भाड्याने मिळणारी नेहमीची क्लास सी आरव्ही, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, २५ फुटांत बसली तरी वजनात अडकते. तिची भारक्षमता सहज १२,००० च्या वर असते. कॅम्परव्हॅनसुद्धा बरेचदा ८,००० ओलांडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर 'जीव्हीडब्ल्यूआर' हा आकडा पाहा. हिशेब तोच धरतात, 'गाडी रिकामी आहे' हे चालत नाही. थोडक्यात, लाँग हाउस पाहायचं तर जवळच्या कॉर्टेझ किंवा डुरँगो गावाहून एक दिवस छोटी कार भाड्याने घ्या. आरव्ही कॅम्पवर राहू दे.

क्लिफ पॅलेस आणि बाल्कनी हाउसपर्यंत आरव्ही जाते. तरी चारपाच माणसांसाठी २३ ते २५ फुटीच घ्या. तीस फुटीत ऐसपैस वाटतं खरं, पण वरच्या वाहनतळांवर लांब गाड्यांच्या जागा मोजक्या आहेत आणि सकाळी दहानंतर त्या भरलेल्या असतात.

क्लास सीला अमेरिकेतला साधा परवाना पुरतो. भारतातून आलेले भाऊ-मेव्हणे गाडी चालवणार असतील तर मूळ परवाना लागतोच, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असलेला बरा, आणि त्यांचं नाव करारात जादा चालक म्हणून घालावं लागतं. नाव नसताना चालवलं आणि काही झालं तर विमा हात वर करतो. विम्याचं आणखी एक: आपल्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्डाचं संरक्षण आरव्हीला लागू असेल असं धरून चालू नका. बहुतेक कार्डं आरव्ही वगळतात. फोन करून लेखी उत्तर मागवा.

भाड्याचा हिशेब करताना दिवसाचा दर पाहून हुरळू नका. मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरचे तासावर वेगळे, भांडी-अंथरुणांचा संच वेगळा. पेट्रोल गॅलनला आठ ते दहा मैल धरा.

३. रस्ता कुठून

अल्बुकर्कीहून सुमारे २५० मैल, आणि नवशिक्यासाठी हाच रस्ता उत्तम: यूएस ५५० ने ब्लूमफील्ड, मग फार्मिंग्टन, शिपरॉक, कॉर्टेझ. कारला साडेचार तास, आरव्हीला साडेपाच-सहा.

डेन्व्हरहून ४०० मैलांच्या आसपास, तेही १०,८०० फुटांहून उंच वुल्फ क्रीक घाट ओलांडून. दोन दिवसांत विभागा. इथे एक गोम आहे. नकाशा कधी कधी मॉन्ट्रोझ-यूरे-सिल्व्हर्टन मार्ग सुचवतो. तोही यूएस ५५० च, पण नंबर तोच असला तरी रस्ता वेगळाच. यूरे ते सिल्व्हर्टनदरम्यान वळणं अरुंद, दरीकडे बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. पहिल्यांदा आरव्ही हातात घेतलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. 'आपण वरंधा घाट चालवलाय' हा युक्तिवाद बारा फूट उंच खोक्याला लागू होत नाही.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, केयेंटामार्गे येणाऱ्यांसाठी सापळा घड्याळाचा. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, वाटेत लागणाऱ्या नवाहो राष्ट्राच्या (नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाच्या) हद्दीत मात्र करतात, आणि कोलोरॅडोतही करतात. म्हणजे उन्हाळ्यात मेसा व्हर्डे फिनिक्सच्या एक तास पुढे. ऐन रस्त्यात फोनचं घड्याळ मागेपुढे होत राहतं. तिकिटाची वेळ कोलोरॅडोची असते, गजर त्याच हिशेबाने लावा.

४. मुक्काम

उद्यानात आरव्हीसाठी एकच कॅम्पग्राउंड, मोरफील्ड. प्रवेशद्वारापासून चार मैल आत. जागा २६७, पण वीज-पाणी-मैलावाहिनी तिन्ही जोडण्या असलेल्या फक्त १५. त्या सगळ्यांत आधी संपतात. नोंदणी सरकारी रिक्रिएशन डॉट गव्ह वर नाही, उद्यानात सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर होते. चुकीच्या ठिकाणी शोधून 'मोरफील्ड दिसतच नाही' म्हणणारे पुष्कळ.

जोडणी नसलेली जागा मिळाली तरी बिघडत नाही. अंघोळीची सोय, कपडे धुण्याची यंत्रं, छोटं दुकान आणि डंप स्टेशन (मैल्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) कॅम्पग्राउंडवर आहे. फक्त लहान बाळ असेल किंवा कुणाला रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागत असेल तर वीज हवीच. मोरफील्डवर ती मिळाली नाही तर कॉर्टेझ किंवा मॅन्कोसचे खासगी आरव्ही पार्क बघा. कॅम्प साधारण मेच्या सुमारास उघडतो, ऑक्टोबरात बंद होतो.

काळ निवडायचा तर मेचा शेवट किंवा सप्टेंबर. जूनमध्ये ऊन कोरडं आणि वणव्याची भीती. २००० साली एका उन्हाळ्यात इथे दोन मोठे वणवे लागले. उभे करपलेले खोड रस्त्याच्या कडेला अजून दिसतात. त्यामुळे शेकोटीवर बंदी असेल तर वाद घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडकडतात, म्हणून तेव्हा सकाळचंच तिकीट घ्या.

५. तिकीट

घरांच्या फेऱ्यांची तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह वर, भेटीच्या १४ दिवस आधी, सकाळी ८ वाजता (माउंटन वेळ, म्हणजे कोलोरॅडोची) खुली होतात. न्यू जर्सीत असाल तर १०, कॅलिफोर्नियात ७. दर माणशी साधारण ८ डॉलर.

(अ) खातं आदल्या दिवशीच उघडा, कार्ड भरून ठेवा.
(आ) आठला पाच कमी असताना लॉगिन करून बसा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं काही मिनिटांत जातात.
(इ) दोन फेऱ्या एकाच दिवशी हव्या असतील तर मध्ये किमान दोन तास सोडा.
(ई) नाही मिळालं तर रोज एकदोनदा पाहत राहा, लोक रद्द करतात.

'तिथे खिडकीवर काढू' यावर विसंबू नका.

हे तिकीट उद्यानाच्या प्रवेशशुल्कात धरलेलं नाही. प्रवेश उन्हाळ्यात गाडीमागे ३० डॉलर, सात दिवसांसाठी. चौथीतल्या मुलाला अमेरिकेत वर्षभराचा मोफत कुटुंबपास मिळतो. तो घरूनच काढून आणा. ६२ वर्षांवरच्यांचा ज्येष्ठांचा पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही. २०२६ पासून वार्षिक पासचे दरही रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांना वेगवेगळे आहेत.

६. गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका, तासभर द्या. सगळ्या बाजूंनी आणि छताचाही व्हिडिओ काढा. मग एकेक चालवून दाखवायला सांगा: फ्रिज, शेगडी, हीटर, पाण्याचा पंप, गरम पाणी, जनरेटर, सरकती भिंत असल्यास ती. टाक्यांचे दर्शक रिकामं दाखवतात का ते पाहा. आधीच्याने अर्धवट रिकामी केलेली मैल्याची टाकी तुमच्या माथी नको.

कागद आणि सामान असं:

- चालकांचे परवाने, करार, विम्याचं पत्र, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर कागदावर
- परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट, त्यांचा प्रवासी वैद्यकीय विमा
- पास आणि पासधारकाचं ओळखपत्र, तिकिटं फोनवर उतरवून (वर सिग्नलचा भरवसा नाही)
- पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी, पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर
- मैल्याची नळी, पारदर्शक कोपर, वापरून फेकायचे हातमोजे
- ५० वरून ३० अँपियरचं अडॅप्टर, चाकाखाली घालायच्या फळ्या आणि अडणी
- माणशी एक विजेरी, टोपी, पकड असलेले बूट

निघाल्यावर दोन गोष्टी अंगवळणी पाडा. एक, उंची बाराएक फूट आहे. पेट्रोल पंपाचं छप्पर, हॉटेलचा पोर्च, बँकेची खिडकी, सगळीकडे आधी पाटी वाचा. दोन, मागच्या चाकांच्या मागेही बरंच धूड आहे. उजवीकडे वळताना ते डावीकडे झुकतं आणि शेजारच्या खांबाला लागतं. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरलेला हवाच, आणि तो आरशात दिसला पाहिजे. दिसला नाही की थांबायचं.

७. वीज, पाणी आणि नको असलेलं काम

३० अँपियर म्हणजे ३,६०० वॉट. एसी दीड हजार, मायक्रोवेव्ह हजार-दीड हजार, विजेची किटली दीड हजार. तिन्ही एकदम लावलं की खटका पडणारच. चहा ठेवताना एसी बंद. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी पावभर उरली की आपोआप बंद पडतो. त्याला बिघाड समजून कंपनीला फोन करण्याआधी काटा पाहा. कॉर्टेझ किंवा मॅन्कोसला टाकी भरूनच वर चढा.

मैल्याच्या टाक्या दोन: ब्लॅक म्हणजे संडासाची, ग्रे म्हणजे मोरी-अंघोळीची. जोडणीच्या जागेवर नळी लावून ठेवली तरी ब्लॅकची झडप बंदच ठेवा. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं, घट्ट भाग आत ढिगारा होऊन बसतो आणि तो मग कशानेही हलत नाही. टाकी दोनतृतीयांश भरल्यावरच सोडायची. क्रम असा:

१) हातमोजे. नळी आधी गाडीला, मग जमिनीतल्या तोंडाला घट्ट.
२) ब्लॅकची झडप उघडा. प्रवाह थांबला की दोनतीन बादल्या पाणी संडासातून ओता, पुन्हा सोडा, झडप बंद.
३) आता ग्रे. साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं, म्हणून ती नंतर.
४) दोन्ही झडपा बंद, नळी गाडीकडून सोडवून उंच धरा, रिकामी करा, धुवा.
५) संडासात चारपाच लिटर पाणी आणि टाकीचं औषध.

ओले टिश्यू कधीही टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आपल्याकडे संडासात पाणी वापरायची सवय आहे, ती टाकीच्या दृष्टीने चांगलीच. फक्त टाकी लवकर भरते. जोडणीशिवाय राहणाऱ्या पाच जणांना ३५-४० गॅलन पाणी दोन दिवस पुरतं, तेही अंघोळ कॅम्पच्या न्हाणीघरात केली तर.

८. स्वयंपाक

मोरफील्ड ७,८०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात भात कचवट राहतो, डाळ तर शिजतच नाही. प्रेशर कुकर न्याच, आणि घरी तीन शिट्ट्या देत असाल तिथे पाच द्या. शेगडीच्या ज्वाळेला मोठा कुकर झेपत नाही, तीन लिटरचा पुरे.

फोडणीच्या आधी छताची झडप उघडा, पंखा लावा. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा सुरू होतो. वैतागून भोंग्याची बॅटरी काढणारे महाभाग असतात. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा भोंगाही कधीकधी त्यातच असतो. आणि रात्री थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, हीटर लावा.

उरलेलं अन्न, कचरा बाहेर ठेवू नका, परिसरात काळी अस्वलं आहेत. दुसऱ्या दिवशीच्या डब्याला थालीपीठ, दशम्या, मेतकूट-पोह्यांसारखं कोरडं काही घ्या. घरांमध्ये पाण्याशिवाय काहीही खायला-प्यायला बंदी आहे, त्यामुळे खाणं गाडीत, आधी किंवा नंतर.

९. घर पाहायचा दिवस

प्रवेशद्वाराजवळच्या पर्यटक केंद्रापासून क्लिफ पॅलेसला तास लागतो, बाल्कनी हाउसला सव्वा तास. मोरफील्डला राहिलात तरी आरव्हीला पाऊण तास धराच. उशीर झाला तर गट निघून गेलेला असतो. फेरी त्या त्या घराच्या वरच्या वाहनतळापाशी सुरू होते, केंद्रापाशी नाही.

चढावर इंजिनाचा काटा वर सरकला तर एसी बंद, गिअर खालचा. उतारावरही खालचाच, नुसत्या ब्रेकवर धूड रोखत आलात तर ब्रेक तापून पकड सुटते. मागे रांग लागली की रुंद जागी बाजूला घेऊन जाऊ द्या.

उंचीमुळे धाप लागते, डोकं दुखतं. पहिला दिवस चालणं कमी, पाणी जास्त. रक्तदाब-हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं: पठार ७,००० फुटांच्या आसपास, उद्यानातलं सगळ्यांत उंच ठिकाण पार्क पॉइंट ८,५७२. शिड्यांवर साडी नको, सलवार किंवा पँट. चपला तर नाहीच. बाबागाडी चालत नाही. चालतं मूल स्वतः शिडी चढणारं हवं, नाहीतर पाठीवरच्या झोळीत पक्कं बांधलेलं.

ज्यांना उतरायचं नाही त्यांचा दिवस वाया जात नाही. मेसा टॉप लूप हा सहा मैलांचा फेरा गाडीतून होतो. जमिनीत खणलेली सुरुवातीची घरं आधी, मग दगडी वस्त्या, शेवटी सन पॉइंटवरून समोरच्या कपारींत एकाच वेळी कितीतरी घरं. हा क्रम काळाचाही आहे, म्हणून उतरणाऱ्यांनीसुद्धा हा फेरा आधी करावा. दुर्बीण न्या.

आत गेल्यावर भिंतींना टेकायचं नाही, हात लावायचा नाही. तळव्याचा तेलकटपणा दगडाला खातो. गोल, जमिनीखालची खोली दिसेल ती 'किवा', कुटुंबाची आणि विधींची जागा. तिच्या तळाशी एक लहानसं भोक असतं, सिपापू. पूर्वज खालच्या जगातून वर आले त्याची खूण. आपल्याला कुंड दिसलं की नाणं टाकायची सवय. इथे हात खिशातच ठेवा. वाटेत मातीच्या भांड्याची खापरी सापडली तर फोटो काढा आणि होती तिथेच राहू द्या. उचलणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. १८८८ च्या डिसेंबरात वेदरिल आणि मेसन या गुराख्यांना क्लिफ पॅलेस दिसला, त्यानंतरच्या काही वर्षांत इथून वस्तू गाड्या भरभरून गेल्या. १९०६ साली उद्यान झालं ते ती लूट थांबवायलाच.

१०. गाडी परत करताना

शेवटच्या सकाळी मोरफील्डलाच दोन्ही टाक्या रिकाम्या करा. शहरात डंप स्टेशन शोधण्यात तास जातो, आणि भरलेली टाकी परत केली तर दंड जबर असतो. पेट्रोल आणि प्रोपेन घेताना होतं तितकं भरून पावत्या ठेवा. छताच्या झडपा, कप्प्यांची दारं, पायरी तपासा. पायरी आत घ्यायचं राहून जातं आणि पहिल्याच फुटपाथला ती वाकते.